चेकबॉक्स कोणी बघायचा?

बिलिंगच्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शिरावं, एकेक टॅब उलटत शेवटपर्यंत जावं, की तळाशी एक चौकोन सापडतो. ‘स्क्रीन रीडरसाठी साहाय्य चालू करा. बदल लागू होण्यासाठी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.’ चौकोन रिकामा असतो. दिसणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. न दिसणाऱ्याला आहे, कारण स्क्रीन रीडर या बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या भरवशावरच तो संगणक वापरतो. पण तो चौकोन त्याच्या कानावर पडायचा तर त्यात टिक आधीच झालेली हवी. किल्ली आत ठेवून कपाट बंद करावं, तसला हा प्रकार. आणि तो करणाऱ्याच्या मनात काही खोट नसते. उलट ‘आम्ही सोय दिली आहे’ असं तो प्रामाणिकपणे सांगतो.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात, नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात, मार्केट यार्डातल्या कांद्याच्या अडतीवर हिशेब कधीच संगणकावर गेला. मोठ्या कंपन्यांचे तयार प्रोग्राम आहेतच, पण त्यांच्या शेजारी एक-दोन माणसांनी लिहिलेले, गिऱ्हाइकाच्या सवयीप्रमाणे वळवून घेतलेले प्रोग्रामही चालतात. टॉवेल डझनावर, सूत किलोवर, परगावचा माल गाठींवर. हमाली वेगळी, तोलाई वेगळी. इथे बोलायचं ते या लहान प्रोग्रामांबद्दल. बी.कॉम. झालेला, टायपिंगचा हात बसलेला, डेबिट-क्रेडिट तोंडपाठ असलेला दृष्टिहीन मुलगा एखाद्या पेढीवर टिकत नाही, तेव्हा बऱ्याचदा दोष त्याच्या हिशेबात नसतो. समोरचा प्रोग्राम मुका असतो. त्याला बोलतं करायचं की नाही, हे तो लिहिणाऱ्या सोलापूरच्याच माणसाच्या हातात असतं.

स्क्रीन रीडर पडद्यावरचं चित्र वाचत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवावं लागतं. तो प्रोग्रामला प्रश्न विचारतो. आत्ता फोकस, म्हणजे कीबोर्डचा रोख, कुठे आहे? त्या वस्तूचं नाव काय? ते बटन आहे की मजकुराचा रकाना? त्यात काय लिहिलंय? विंडोजवर हा प्रश्न एका ठरावीक संदेशाच्या रूपाने प्रोग्रामच्या खिडकीकडे येतो. प्रोग्रामने उत्तर दिलं तर रीडर बोलतो, नाही दिलं तर नुसतं ‘पेन’ (खिडकीचा कप्पा) किंवा ‘विंडो’ एवढंच म्हणून गप्प बसतो. उत्तर देण्याची जुनी रीत म्हणजे १९९७ चं मायक्रोसॉफ्ट ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी, आणि व्हिस्टाच्या काळापासूनची नवी रीत म्हणजे यूआय ऑटोमेशन. लिनक्सवर तेच काम एटी-एसपीआय करतं. विचारणारा आपल्याकडे बहुधा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर असतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन मित्रांचं हे काम २००६ मध्ये सुरू झालं. तो फुकट आहे, खुला आहे, आणि त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही आहेत. सोलापूरच्या पार्टी-लेजरला हे तिन्ही लागतात.

मग हे साहाय्य मुळात बंद का ठेवायचे? कारण तेव्हा खरंच जड होतं. रीडर एका प्रोसेसमध्ये, प्रोग्राम दुसऱ्या. प्रत्येक प्रश्नाला एक हेलपाटा. दहा हजार ओळींच्या लेजरमध्ये प्रत्येक खान्याचं नाव, प्रकार, किंमत आणि स्थिती विचारत बसलं तर प्रोग्राम गोठतो. शिवाय पडद्यावर काही बदललं की त्याची वर्दी द्यायची, म्हणजे ऐकणारं कोणी नसताना हाका मारत बसायचं. ब्राउझरमध्ये तर पानाचं आणखी एक आख्खं झाड, म्हणजे कशाच्या आत काय आहे याची फांद्या-फांद्यांची मांडणी, मेमरीत उभं करावं लागतं.

पण ही अडचण झाडाची आहे, दाराची नाही. ‘मुळात चालू’ म्हणजे झाड कायम उभं असा अर्थ लावला की वाद सुरू होतो. त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा, की विचारणारा आला तर त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळेल. सेटिंग शोधावं लागणार नाही, प्रोग्राम बंद करून उघडावा लागणार नाही. झाड पहिल्या प्रश्नाला बांधावं. लांबलचक तक्त्यातल्या फक्त पडद्यावर दिसणाऱ्या ओळींचं बांधावं. वर्दी देण्याआधी ऐकणारा आहे का ते विचारावं. विंडोजमध्ये त्यासाठी ‘यूआयए क्लायंट्स आर लिसनिंग’ नावाचं तयार फंक्शन आहे, क्यूटी या खिडक्या-बटनांच्या लायब्ररीमध्ये ‘क्यू ॲक्सेसिबल’चं ‘इज ॲक्टिव्ह’. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपने २०१२ च्या ३.६ आवृत्तीपासून साहाय्य कायम चालू ठेवलं आहे. त्याआधी ओर्का हा तिथला स्क्रीन रीडर सुरू केला की लॉगआउट करून परत यावं लागे.

प्रत्यक्षात काय करायचं हे प्रोग्राम कशात लिहिलाय यावर ठरतं.

इकडचं पुष्कळ काम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या विनफॉर्म्स या फॉर्म बनवायच्या साधनात आहे, आणि तिथली मेख फार थोड्यांना ठाऊक असते. डॉटनेट फ्रेमवर्क ४.७.१, मग ४.७.२, मग ४.८ अशा तीन टप्प्यांत मायक्रोसॉफ्टने ॲक्सेसिबिलिटी बरीच सुधारली. तक्ता, मेनू, टूलबार नीट बोलू लागले. पण जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून अट घातली: प्रोजेक्टचं टार्गेट, म्हणजे तो ज्या आवृत्तीसाठी बांधला ती, त्या-त्या टप्प्याचं किंवा पुढचं असेल तरच त्या टप्प्याच्या सुधारणा आपोआप मिळणार. विंडोज ७ च्या काळात ४.० किंवा ४.५ वर टार्गेट ठेवलेले प्रोजेक्ट आजही तसेच आहेत, त्यामुळे नव्या विंडोजवरही प्रोग्राम जुन्यासारखाच अडखळत बोलतो. उपाय दोन. टार्गेट सरळ ४.८ करायचं आणि पुन्हा बिल्ड करायचं, हा चांगला. तेवढी हिंमत नसेल तर ॲप कॉन्फिग फाइलच्या रनटाइम विभागात ‘यूज लेगसी ॲक्सेसिबिलिटी फीचर्स’ हा स्विच ‘फॉल्स’ करायचा. या तीन टप्प्यांचे स्विच तीन आहेत: एक नुसता, एकाच्या नावापुढे दोन, एकाच्या पुढे तीन. तिसरा हवा तर पहिले दोनही ‘फॉल्स’ लिहावे लागतात. नुसता तिसरा टाकून चालत नाही. नव्या डॉटनेटमध्ये ही भानगड नाही, तिथे सगळं मुळातच चालू असतं.

जावाचं दुखणं निराळं. स्विंग या जावाच्या खिडक्या-बटनांच्या लायब्ररीत लिहिलेला प्रोग्राम विंडोजवर बोलतो तो ‘जावा ॲक्सेस ब्रिज’ या पुलावरून. हा पूल जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून सोबतच येतो, पण बंद अवस्थेत. चालू करायला जावाच्या बिन फोल्डरमधला ‘जॅबस्विच’ हा छोटा प्रोग्राम कमांड लाइनवरून ‘इनेबल’ हा पर्याय देऊन चालवायचा. तो वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये एक छोटी प्रॉपर्टीज फाइल लिहितो. हा उपद्व्याप ग्राहकाच्या गळ्यात का घालायचा? इन्स्टॉलरनेच करावा. एनव्हीडीए तर कंटाळून ही फाइल स्वतःच लिहू लागला आहे. पण खरी फजिती पुढे होते. प्रोग्रामसोबत स्वतःचा आटोपशीर जावा द्यायचा म्हणून लोक जेलिंक हे जावाचे हवे तेवढेच भाग बांधून देणारं साधन वापरतात आणि नको ते मॉड्यूल गाळतात. त्यात ‘जेडीके डॉट ॲक्सेसिबिलिटी’ गळलं, आणि मशिनवर ती प्रॉपर्टीज फाइल असली, की प्रोग्राम उघडतानाच ‘असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी नॉट फाउंड’ म्हणून कोसळतो. म्हणजे दिसणाऱ्यांच्या मशिनवर सुरळीत, आणि नेमका ज्याच्याकडे स्क्रीन रीडर आहे त्याच्याकडे उघडतच नाही. इंटरनेटवर यावर सुचवलेला सोपा इलाज म्हणजे फाइलमधली ॲक्सेसिबिलिटीची ओळच कॉमेंट करून टाका. मॉड्यूल परत घातलं की काम होतं, पण तेवढं वाचायला कोणी थांबत नाही.

या ‘सोप्या इलाजां’वर वेगळं लिहायला हवं. लिनक्सवर टर्मिनलमध्ये ॲक्सेसिबिलिटी बसला, म्हणजे रीडर आणि प्रोग्राम यांच्यातल्या निरोपांच्या रस्त्याला, जोडता आलं नाही अशी एक सूचना उमटते. ती निरुपद्रवी असते, पण डोळ्यांना खुपते. मग कोणीतरी सांगतं, ‘नो एटी ब्रिज’ हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ‘१’ करा. सूचना जाते आणि तिच्यासोबत जीटीके ३ या लायब्ररीवर बांधलेल्या प्रोग्रामांचा आवाजही. जीटीके ४ मध्ये हाच उद्योग ‘जीटीके ए११वाय’ला ‘नन’ म्हणून होतो. फायरफॉक्स वेगवान करण्याच्या टिपांमध्येही ‘ॲक्सेसिबिलिटी फोर्स डिसेबल्ड’ असतंच. एकट्याच्या मशिनवर ठीक. पण पंचवीस मशिनच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तयार मशिनची एकच नक्कल (इमेज) सगळीकडे चढवताना ही ओळ आत राहून गेली, तर पुढे कित्येक बॅचना ओर्का सुरू होतो पण काहीच वाचत नाही, आणि कारण कोणाला सापडत नाही.

ब्राउझरच्या इंजिनावर डेस्कटॉपचे प्रोग्राम चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनवाल्यांनी मात्र जरा दमाने घ्यावं. तिथे सक्तीने चालू करायची सोय आहे, पण ती सरसकट वापरू नये असं खुद्द त्याच्याच दस्तऐवजात लिहिलं आहे, कारण झाड उभं करण्याचा भार जाणवतो. स्क्रीन रीडर दिसला की इलेक्ट्रॉन स्वतःहून जागा होतो, तेवढं पुरे. ती ओळख कुठे चुकली तर हाताने चालू करता यावं म्हणून कीबोर्डचा एक शॉर्टकट ठेवावा. शॉर्टकट हवा, मेनूतला चौकोन नव्हे.

क्यूटीचं विंडोजवर आपोआप होतं. लिनक्सवर डेस्कटॉप ‘चालू’ म्हणतोय का ते बघून होतं, आणि डेस्कटॉपला विचारणंही नको, कायमच चालू हवं असेल तर ‘क्यूटी लिनक्स ॲक्सेसिबिलिटी ऑलवेज ऑन’ला ‘१’ करायचं.

एवढं केलं की प्रोग्राम बोलतो. शहाण्यासारखं बोलेलच असं नाही.

साहाय्य मुळात चालू ठेवण्याचा दुसरा, आणि माझ्या मते मोठा, फायदा इथेच आहे: चुका लवकर उघड्या पडतात. बंद चौकोनामागे त्या वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. नमुना म्हणून बिलाचा फॉर्म घेऊ. विनफॉर्म्समध्ये मजकुराच्या रकान्याला स्वतःचं नाव दिलं नसेल, तर टॅबच्या क्रमात त्याच्या लगेच आधी जे लेबल येतं तेच त्याचं नाव ठरतं. जीएसटी आल्यावर पुष्कळ जुन्या फॉर्ममध्ये एचएसएनचा, म्हणजे मालाच्या वर्गाच्या आकड्याचा, रकाना मध्येच घुसवला गेला. डोळ्यांना लेबल आणि रकाना शेजारी-शेजारी दिसतात; टॅब इंडेक्स मात्र नव्या कंट्रोलला शेवटचा मिळालेला असतो. कोणी तो हाताने दुरुस्त करायला गेला आणि लेबलं एका घराने सरकली, की रीडर एचएसएनच्या रकान्यात ‘दर’ म्हणतो आणि दराच्या रकान्यात ‘डझन’. टेरी टॉवेलचा ६३०२ हा आकडा दर म्हणून टाइप झाला तर बिल कुठल्या कुठे जाईल. यावर उपाय म्हणजे प्रत्येक रकान्याला ‘ॲक्सेसिबल नेम’ स्वतंत्र द्यायचं, लेबलाच्या भरवशावर राहायचं नाही, आणि ते नाव लेबलाच्याच शब्दांत ठेवायचं. लेबलावर ‘हमाली’ आणि आत ‘लेबर चार्जेस’ असं केलं तर फोनवरून मदत करणारा आणि मदत घेणारा दोघे दोन भाषांत बोलतात.

टूलबारची चित्रं हा तर नेहमीचाच घोळ. छपाई, जतन, रद्द या तिघांचीही बटनं नुसती ‘बटन, बटन, बटन’ अशी ऐकू येतात. थकलेल्या उधारीची ओळ फक्त लाल रंगाने दाखवलेली असेल तर ऐकणाऱ्याला ती थकलेली आहे हे कळायला मार्गच नाही. ‘थकीत ४५ दिवस’ असा एक रकाना घातला की दिसणाऱ्या दिवाणजींचीही सोय होते. आणि विकत आणलेली, स्वतःच सगळं रंगवणारी ग्रिड, म्हणजे तक्त्याचा तयार भाग, घेण्याआधी ती रीडरला उत्तर देते का ते पाहून घ्यावं. असल्या काही ग्रिड आतून एकच मोठं चित्र असतात. त्यांच्यापुढे कुठलाही स्विच चालत नाही.

प्रोग्राम व्यवस्थित बोलतोय आणि तरी ग्राहकाकडे मुका आहे, असंही होतं. सर्वांत सापडणारं कारण ॲडमिनिस्ट्रेटरचं. डेटाबेस प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्येच ठेवला की लिहायला परवानगी लागते, म्हणून प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून ठेवतात. पेनड्राइव्हवरून चालणारा पोर्टेबल एनव्हीडीए अशा प्रोग्रामच्या आत डोकावू शकत नाही. तो मशिनवर रीतसर इन्स्टॉल केलेला लागतो. डेटा ‘प्रोग्राम डेटा’ फोल्डरमध्ये हलवून तिथे लिहायची परवानगी दिली की प्रश्नच मिटतो, आणि बॅकअपही सोपा होतो. दुसरं कारण रिमोट डेस्कटॉप. सीएच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर काम चालतं तेव्हा आपल्या पडद्यावर नुसतं चित्र येतं. इथल्या रीडरला तिथलं काही कळत नाही. रीडर सर्व्हरवर हवा आणि त्याचा आवाज इकडे आणायचा, किंवा एनव्हीडीएच्या २०२५.१ पासून अंगभूत आलेला रिमोट ॲक्सेस दोन्ही टोकांना वापरायचा.

तिसरं कारण आपलं, अस्सल महाराष्ट्री. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पार्टींची नावं पडद्यावर सुबक मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. रीडर तीच वाचतो. ऐकणाऱ्याला अक्षरांचा किस मिळतो. डेटा एकदा युनिकोडमध्ये उतरवून घेणं, बदललेली नावं यादीशी ताडून पाहणं आणि मगच जुना फॉन्ट काढणं, याला पर्याय नाही. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, म्हणून ताडून पाहण्याचं काम माणसानेच करावं.

हे सगळं तपासायला खर्च शून्य आहे. एनव्हीडीए उतरवावा, त्याच्या टूल्स मेनूतला ‘स्पीच व्ह्यूअर’ उघडावा. जे बोललं जातं ते तिथे लिहूनही येतं, त्यामुळे हेडफोनशिवाय आणि शेजाऱ्याला त्रास न देता काम होतं. माउस काढून ठेवावा. मग नवी पार्टी, एक बिल, त्याची छपाई आणि त्याची दुरुस्ती एवढं फक्त कीबोर्डने करावं. कुठे फोकस हरवतो, कुठे एस्केपने खिडकी मिटत नाही, ते पहिल्याच फेरीत दिसतं. खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्टचं ‘ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स’, लिनक्सवर ‘ॲक्सरसायझर’. आणि या तपासणीनंतरही एखाद्या रोजच्या रीडर वापरणाऱ्याला पैसे देऊन तासभर बसवावं. दिसणारा माणूस डोळे मिटून जे करतो त्याला तपासणी म्हणता येत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी हा धडा थोडा आधी गिरवला. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये बूट मेनूवर ‘एस’ दाबून एंटर केलं की पहिल्या पायरीपासून आवाज येतो. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की नॅरेटर लॉगिनच्या पडद्यावरही बोलतो. ग्नोममध्ये सुपर, ऑल्ट आणि एसने ओर्का. मॅकवर कमांड आणि एफ५.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, सॉफ्टवेअरलाही लागू होणारं आयएस १७८०२ हे मानक २०२१ आणि २०२२ मध्ये दोन भागांत आलं, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. चादरीच्या पेढीवरच्या बिलिंग प्रोग्रामला उद्या कोणी नोटीस काढेल असं नाही. पण सरकारी टेंडर भरणाऱ्याला हे मानक आता पाठ असलेलं बरं.

शेवटी एक बारीक गोष्ट, जिच्यावर डिफॉल्ट बदलण्याची सगळी मेहनत फुकट जाते. नव्या आवृत्तीत ‘चालू’ केलं, अपडेट सगळ्या पेढ्यांवर पोचलं, तरी जुन्या ग्राहकांकडे ते बंदच राहतं. कारण पहिल्या दिवशीच प्रोग्रामने सेटिंग फाइलमध्ये प्रत्येक पर्याय त्याच्या तेव्हाच्या डिफॉल्टसह लिहून ठेवलेला असतो, आणि त्यात ‘फॉल्स’ आहे. प्रोग्रामला वाटतं, मालकानेच बंद केलंय. म्हणून डिफॉल्ट फाइलमध्ये लिहायचंच नाही. माणसाने हाताने बदललं तेवढंच लिहायचं. जिथे आधीच लिहून झालंय तिथे जुनी नोंद वाचणं सोडून नव्या नावाची नोंद सुरू करायची, जिच्या गैरहजेरीचा अर्थ ‘चालू’. बंद करायची सोय ठेवावी, ज्याचं मशिन खरंच जुनं आहे त्याच्यासाठी. पण ती बंद करताना एकदा विचारावं, आणि तो प्रश्न साहाय्य अजून चालू असतानाच विचारावा, म्हणजे चुकून बोट पडलेल्या माणसाला तो ऐकू तरी येईल.